सोळा मात्रांचे देणे

रेकॉर्ड सुरू होऊन जवळजवळ दीड मिनिट झाले की फुंकवाद्ये थांबतात, गिटार थांबते आणि ड्रमवाला एकटा उरतो. सुमारे सात सेकंद तो एकटा वाजवतो, मग सगळे पुन्हा त्याच्यात मिसळतात आणि गाणे संपण्याच्या दिशेने निघून जाते. ते सात सेकंद मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकले तेव्हा सवयीने अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. चार-चारचे चार विभाग, एकूण सोळा मात्रा, म्हणजे आपल्या तीनतालाचे बरोबर एक आवर्तन. पहिल्या दोन विभागांत तो आधीचाच ठेका सरळ धरून ठेवतो, तिसऱ्यात एक ठोका किंचित मागे ओढतो आणि चौथ्या विभागाची पहिली, म्हणजे तेरावी मात्रा चक्क सोडून देतो. तीनतालात खाली, म्हणजे टाळी न देता मोकळी सोडलेली जागा, नवव्या मात्रेवर असते. ह्या गृहस्थाने ती तेराव्यावर नेऊन ठेवली आणि त्यानंतरची मोठी झांज अपेक्षेच्या अंमळ आधीच वाजवून टाकली. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते ठाऊक असलेल्या माणसालाच असा आगाऊपणा परवडतो.

वाजवणाऱ्याचे नाव ग्रेगरी कोलमन. ‘द विन्स्टन्स’ नावाच्या अमेरिकन बँडचा तो ड्रमवादक. १९६९ साली अटलांटामध्ये ध्वनिमुद्रित झालेली ही ‘आमेन, ब्रदर’ नावाची रचना रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होती. पुढच्या बाजूच्या गाण्याने नाव आणि पुढे ग्रॅमी पुरस्कारही मिळवला. मागची बाजू आखूड पडत होती म्हणून तिच्यात हा ड्रमचा तुकडा भरीला घातला गेला. भरीला घातलेल्या ह्या सात सेकंदांवर वीस-पंचवीस वर्षांनी इंग्लंडमधील काही मुलांनी एक संपूर्ण संगीतप्रकार उभा केला. आधी त्याला जंगल म्हणत, नंतर ड्रम अँड बेस म्हणू लागले.

मी ह्या संगीताकडे उलट्या दिशेने, म्हणजे शेवटाकडून आलो. लहानपणी पुण्यात नऊ-दहा वर्षे तबला शिकलो, नोकरी लागल्यावर तो सुटला आणि २००६ साली कंपनीच्या कामासाठी ब्रिस्टलला जाऊन राहिलो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याचे आईवडील जमैकाहून आलेले होते. मी रिकाम्या वेळी टेबलाच्या कडेवर बोटे वाजवतो हे त्याने हेरले होते आणि एका शनिवारी, ‘तुला एक गोष्ट ऐकवायची आहे’ एवढेच सांगून, तो मला स्टोक्स क्रॉफ्टच्या बाजूच्या एका तळघरात घेऊन गेला. पहिला अर्धा तास मला काहीच कळले नाही. आवाज कानांनी नव्हे तर बरगड्यांनी ऐकू येत होता, वर ड्रम इतक्या वेगाने धावत होते की लय धरायला जावे तोवर ती हातातून निसटे, आणि आजूबाजूची माणसे मात्र अगदी निवांत, जणू कुठे जायची घाई नसल्यासारखी डोलत होती. माझी तारांबळ पाहून सहकारी कानाशी ओरडला, ‘दोन्ही धरू नकोस. पाय खालच्या आवाजाला दे.’

त्यानंतर सगळे उलगडले. ड्रम मिनिटाला साधारण १७४ ठोक्यांनी चालतात, पण बेस, म्हणजे तो खालचा खर्जाचा आवाज, त्याच्या निम्म्याने, ८७ च्या आसपास चालतो. एकाच वेळी बराबरी आणि दुगुन, म्हणजे मूळ लय आणि तिची दुप्पट, आणि ऐकणाऱ्याने आपल्या देहासाठी दोन्हींतली कोणतीही निवडावी. तबलजीला हे नवे नाही. उजव्या हाताची बोटे चाटीवर द्रुत बोल काढत असतात तेव्हा डावा हात डग्ग्यावर मनगट घासून एखादा लांबलचक, वळणारा घुमारा सोडत असतो, आणि खरा ऐकणारा त्या घुमाऱ्यावर मान हलवतो. त्या तळघरात कोणीतरी डग्गा खोलीएवढा मोठा केला होता, एवढाच काय तो फरक.

इथे एका शब्दाची अडचण सांगायला हवी. आपल्याकडे ‘डीजे’ म्हटले की रेकॉर्ड लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतच नाही. येते ती मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत, जिला सातारा-कोल्हापुराकडे डॉल्बी म्हणतात आणि जिच्यावर दर भाद्रपदात बंदीची चर्चा होते. मी आईला फोनवर सांगितले की काल रात्री एका डीजेला ऐकायला गेलो होतो, तेव्हा तिने ‘पैसे देऊन?’ असे विचारले. तिचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर द्यायला मला पुढे बरीच वर्षे वाचावे आणि ऐकावे लागले.

१९८८ च्या सुमारास लंडनमध्ये रात्रभर चालणाऱ्या रेव्ह नाचांची लाट आली. चेअरिंग क्रॉसजवळच्या ‘हेवन’ क्लबमध्ये गुरुवारी ‘रेज’ नावाची रात्र भरे आणि तिथे फाबिओ आणि ग्रूव्हरायडर हे दोन डीजे वाजवत. अमेरिकेतून आलेल्या सरळ ठोक्याच्या टेक्नो रेकॉर्डमध्ये हे दोघे जुन्या फंक रेकॉर्डमधले तुटक, वळणदार ड्रमचे तुकडे असलेल्या रेकॉर्ड मिसळू लागले, वेग वाढवू लागले. सरळ ठोक्यावर नाचायला आलेल्यांपैकी काहीजण नाराज झाले असतील, पण जे राहिले त्यांच्यातूनच पुढची पिढी निघाली. ह्यातल्या कित्येकांच्या घरी जमैकन साउंड सिस्टीमचा वारसा होता. मोठाल्या स्पीकरपेट्या स्वतः बांधायच्या, बेसला संगीताचा पाया मानायचे, निवेदकाने माइकवरून श्रोत्यांना चेतवायचे आणि एखादी रेकॉर्ड लोकांना फारच भावली तर ती तिथेच थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावायची. ह्या शेवटच्या प्रथेला ते रिवाइंड म्हणतात. संगीत नाटकाच्या प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ची आरोळी आल्यावर नट कथानक बाजूला ठेवून तेच पद पुन्हा उचलत असे, हे माहीत असलेल्या मराठी माणसाला रिवाइंड समजावून सांगावे लागू नये.

रेडिओ त्यांना जवळ करत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा काढला. १९९१ साली हॅकनी भागात कूल एफएम सुरू झाले. उंच सरकारी इमारतींच्या गच्चीवर चोरून एरियल उभारायचा, सरकारी माणसे येऊन तो उपटून नेतील तेव्हा दुसरीकडे नवा लावायचा, असा तो कारभार होता. रेकॉर्ड विकण्याची तऱ्हाही तशीच होती. स्वखर्चाने काही शे प्रती काढायच्या, त्यांवर छापील नावही नसायचे, आणि त्या गाडीच्या डिकीत घालून दुकानोदुकानी फिरायचे.

पण मला खरा रस आहे तो त्यांच्या झोपण्याच्या खोल्यांत. ह्या मुलांकडे स्टुडिओ नव्हता, ड्रमवादक नव्हता, ड्रमचा संच ठेवायला जागाही नव्हती. होता तो एखादा अटारी किंवा अमिगा संगणक आणि उसनवार किंवा हप्त्याने घेतलेला सॅम्पलर, म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून हवा तसा वाजवणारे यंत्र. अकाई एस ९५० ह्या तेव्हाच्या आवडत्या यंत्राची स्मृती सगळी भर घालूनही सव्वादोन मेगाबाइट होती. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो तिच्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत संपूर्ण गाणे राहणे शक्यच नव्हते, पण सात सेकंद राहत होते. मग ते सात सेकंद कापायचे. ह्या ठोक्याचा एक तुकडा, त्या झांजेचा दुसरा, मधल्या हलक्या टिचकीचा तिसरा, असे सुटे करून कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचे आणि पुन्हा वेगळ्या क्रमाने जुळवायचे.

तबला शिकणाऱ्या प्रत्येकाने हे काम केलेले असते. आमच्या सरांनी मला पहिला कायदा (विस्तारासाठीची मूळ बोलरचना) दिला तो सगळ्यांना देतात तोच, दिल्लीचा. धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धीं ना. मोजून सोळा अक्षरे. मग वर्षभर त्याचे पलटे, म्हणजे त्याच बोलांच्या नव्या नव्या जुळण्या. पलट्याचा नियम कडक असतो. कायद्यात जे बोल आहेत तेच वापरायचे, बाहेरचा एकही बोल आणायचा नाही. मी एकदा उत्साहाच्या भरात मध्येच ‘तिरकिट’ घुसवले तर सरांनी वाजवणे थांबवून विचारले, ‘हे पाहुणे कोणाकडचे?’ ह्या नियमामुळेच पलटा रंगतो, कारण ऐकणाऱ्याला माहीत असते की सामान तेवढेच आहे, आणि तरी दर वेळी घर वेगळे दिसते. त्या मुलांवर हा नियम कोणी घातला नव्हता, तो यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीने घातला. पण त्यांतल्या चांगल्यांनी तो गुरूने दिल्यासारखा पाळला, आणि कोलमनचा तुकडा, ज्याला तिकडे नुसते आमेन म्हणतात, त्यांचा कायदा झाला. नवशिका आणि जाणता ह्यांत फरक कसा ओळखायचा, असे मी सहकाऱ्याला विचारले होते. तो म्हणाला की नवशिका आमेन लावतो आणि जाणता आमेन वाजवतो.

आणखी एक पेच होता. मूळ तुकडा मिनिटाला साधारण १३७ ठोक्यांचा. तो वेगाने फिरवला की सूरही चढतो, ड्रम टिमकीसारखे वाजू लागतात. काहींनी तो चढलेला सूरच गुण म्हणून स्वीकारला. काहींनी सॅम्पलरमधली लांबी ताणण्याची सोय वापरली, जिच्यात सूर न बदलता काळ बदलता येतो, पण यंत्र तोकडे असल्यामुळे आवाजाला धातूची खरखर येते. त्यांनी ती खरखर मुद्दाम इतकी वाढवली की तीच त्या काळाची खूण झाली. १९९२ च्या ‘टर्मिनेटर’ ह्या रचनेत गोल्डीने ह्याच्या उलट केले. ड्रमचा वेग कायम राहतो आणि सूर मात्र वर चढत जातो, त्यामुळे काळ पुढे सरकतोय की जागीच फिरतोय, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही.

हा गोल्डी म्हणजे क्लिफर्ड प्राइस, लहानपण बालगृहांत आणि पालक कुटुंबांत गेलेला, भिंतींवर चित्रे काढून नाव कमावलेला, सोन्याचे दात बसवलेला तरुण. त्याला ‘रेज’मध्ये नेणाऱ्या दोन स्त्रिया होत्या, केमिस्ट्री आणि स्टॉर्म. ह्या दोघी स्वतः अव्वल डीजे होत्या आणि १९९४ साली सुरू झालेली ‘मेटलहेड्झ’ ही रेकॉर्ड कंपनी त्या तिघांनी मिळून उभी केली. ह्या इतिहासाचे श्रेय वाटताना गोल्डीचे नाव मोठ्या अक्षरांत येते आणि ह्या दोघींचे ‘तसेच’ह्या शब्दानंतर, हे मला खटकते. एप्रिल १९९९ मध्ये, एका कार्यक्रमाहून परतताना, रस्त्यात बसवलेला लोखंडी परावर्तक पुढच्या गाडीच्या चाकाने उडून काचेतून आत आला आणि केमिस्ट्री जागीच गेली. स्टॉर्म त्याच गाडीत होती. तिने वाजवणे सोडले नाही.

गोल्डीला यंत्रे फारशी चालवता येत नसत. डोक्यात ऐकू येणारा आवाज तो हातवारे करून, चित्रे काढून सांगे आणि तंत्रज्ञ तो बाहेर काढत. १९९५ च्या ‘टाइमलेस’ ह्या अल्बमचे बरेचसे काम त्याने रॉब प्लेफर्डबरोबर केले आणि त्याच नावाची पहिली रचना एकवीस मिनिटांची आहे. बडा ख्याल पचवणाऱ्याला एकवीस मिनिटांचे भय वाटत नाही, पण झोपण्याच्या खोलीत जन्मलेल्या संगीताने एवढा पसारा मांडावा, ह्याचे तेव्हा इंग्लंडला नवल वाटले.

नवी रचना झाली की ती थेट बाजारात जात नसे. लंडनमधील ‘म्युझिक हाउस’ ह्या ठिकाणी जाऊन तिची एकच प्रत, रोगणाचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर, कापून घ्यायची. तिला डबप्लेट म्हणत. तिचा थर इतका मऊ की काही डझन वेळा वाजवली की झिजायला लागे. पण तेवढ्या काळात ती रचना ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच असे, आणि अमुक डीजेला ऐकायला माणसे जात ती त्याच्या पेटीतल्या, दुसऱ्या कोणाकडे नसलेल्या तबकड्यांसाठी. जमैकात तर साउंड सिस्टीमवाले रेकॉर्डवरची नावे खरवडून टाकत, प्रतिस्पर्ध्याला ती शोधता येऊ नये म्हणून. हे वाचताना मला आमच्या जुन्या उस्तादांच्या गोष्टी आठवल्या, खास बंदिशी शागिर्दांनाही सहजी न देणाऱ्या, आणि हाजी विलायत अली खाँसाहेबांना लखनौच्या सासऱ्याकडून गती, म्हणजे तबल्याच्या बांधीव रचना, हुंड्यात मिळाल्याची ती कथाही आठवली. सोळा-बत्तीस अक्षरांची मालमत्ता होऊ शकते, हे दोन्हीकडे लोकांना कळले होते.

१९९४ साली दोन गोष्टी घडल्या. जंगल उन्हाळाभर लंडनच्या रस्त्यांवरून घुमले, आणि ब्रिटिश संसदेने रेव्ह मोडून काढण्यासाठी कायदा केला, ज्यात ‘लागोपाठ पुनरावृत्त होणारे ठोके’ ही संगीताची व्याख्या घालण्यात आली. ह्या व्याख्येत आमची गणेशोत्सवातली तीनतालाची दोन तासांची बैठकही बसली असती. जंगलभोवती हाणामारी आणि अमली पदार्थ ह्यांच्या बातम्यांचे वलय तयार झाले आणि वर्ष-दीड वर्षात त्याच संगीताला अधिकाधिक लोक ड्रम अँड बेस म्हणू लागले. शैलीतही बदल होत होता, निवेदक मागे पडत होता, एलटीजे बुकेमसारखे लोक त्यात जॅझचे तलम सूर आणत होते, हे खरे. पण केवळ शैली बदलली म्हणून नाव बदलले असे मला वाटत नाही. तमाशा पांढरपेशा प्रेक्षकांसमोर आला तेव्हा त्याचे लोकनाट्य झाले, हे आपण पाहिले आहे. नाव बदलले की दारे उघडतात आणि ज्यांनी जुने नाव कमावले ते दाराबाहेर राहण्याची शक्यताही वाढते.

उघडलेल्या दारांतून सर्वांत आधी आत गेला तो ब्रिस्टलचा. रोनी साइझ शाळेतून काढून टाकल्यावर वस्तीतल्या युवा केंद्रात यंत्रे हाताळायला शिकला होता. त्याच्या ‘रेप्रझेंट’ ह्या चमूच्या ‘न्यू फॉर्म्स’ ह्या अल्बमला १९९७ चा मर्क्युरी, म्हणजे वर्षातल्या उत्तम ब्रिटिश अल्बमचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच यादीत रेडिओहेड ह्या नामवंत रॉक बँडचा ‘ओके कॉम्प्युटर’ही होता. मला ह्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. रंगमंचावर त्याच्यासोबत क्लाइव्ह डीमर नावाचा ड्रमवादक हाडामासाच्या हातांनी वाजवत असे. म्हणजे एका माणसाने १९६९ मध्ये वाजवलेले यंत्राने कापले, माणसाच्या आवाक्याबाहेर नेऊन जुळवले, आणि मग दुसरा माणूस ते आवाक्यात आणायला बसला. रियाझाच्या इतिहासात ह्या प्रकाराला कुठे ठेवायचे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

तबला ह्या गोष्टीत यायचाच होता. होक्स्टन स्क्वेअरमधल्या ‘ब्लू नोट’ क्लबमध्ये रविवारी मेटलहेड्झची रात्र असे आणि सोमवारी, त्याच जागी, तलविन सिंगची ‘अनोखा’. पूर्व लंडनमध्ये वाढलेला, पंजाबात जाऊन तबला शिकून आलेला तलविन ह्या वेगवान ड्रमच्या जोडीला तबला वाजवत असे. त्याच्या ‘ओके’ ह्या अल्बमला १९९९ चा मर्क्युरी मिळाला. २००० साली ‘तबला बीट सायन्स’च्या पहिल्या अल्बमसाठी तो, झाकीर हुसेन, शोभा गुर्टू ह्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू आणि न्यूयॉर्कचा, आडनावावरूनच घर ओळखता येणारा कर्ष काळे हे एकत्र आले. काळेचा २००१ चा ‘रिअलाइझ’ मी ब्रिस्टलच्या बसमध्ये महिनाभर ऐकला. तिथे तबला शोभेला ठेवलेला नाही, तो त्या ड्रमशी भांडतो. ह्या संगमाच्या नावाखाली पुढे बरेच पाणचट काम झाले, ज्यात विमानतळाच्या दुकानात वाजण्यापलीकडे तबल्याला काही करायचे नसते. पण सुरुवात तशी नव्हती. मुंबईत परतल्यावर लोअर परळच्या ‘ब्लू फ्रॉग’मध्ये ‘बे बीट कलेक्टिव्ह’च्या मंडळींना हेच संगीत लावताना ऐकले तेव्हा गिरणीच्या आवारात तो बेस घुमत होता, आणि मला आधी स्टोक्स क्रॉफ्ट आठवले की गिरणीचा भोंगा, हे आता सांगता येणार नाही.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे किंवा शोधले तर सापडेल. २०१८ मध्ये अँडी सी ह्या डीजेने एकट्याच्या नावावर लंडनमधले वेम्बलीचे बंदिस्त सभागृह भरवले, आणि आता निया आर्काइव्ह्ज ही तरुणी जुन्या जंगलवर स्वतःचे शब्द गात मोठाल्या महोत्सवांतून फिरते.

ह्या सगळ्या वर्षांत कोलमनला काय मिळाले? काहीही नाही. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर ह्याला हा सारा प्रकार १९९६ साली कळला, तोवर दावा लावण्याची मुदत उलटून गेली होती. तो चिडला, आणि त्याचे चिडणे मला रास्त वाटते. कोलमन २००६ साली अटलांटामध्ये बेघर अवस्थेत वारला. आपल्या सात सेकंदांचे काय झाले ह्याची त्याला कल्पनाही नसावी, असे स्पेन्सरचे म्हणणे होते. मी ब्रिस्टलच्या तळघरात पहिल्यांदा पाय बेसला दिला ते वर्षही २००६च. २०१५ मध्ये दोन ब्रिटिश चाहत्यांनी वर्गणी काढली आणि जमलेले सुमारे २४ हजार पौंड स्पेन्सरला पाठवले. ड्रम वाजवणारा तोवर नव्हता.

ही चोरी होती असे मी म्हणणार नाही, कारण पलटा म्हणजे चोरी नव्हे आणि ह्या मुलांनी त्याच सामानातून वेगळे घर बांधून दाखवले. पण आमच्याकडे दुसऱ्याची बंदिश वाजवायला घेताना कानाच्या पाळीला हात लावून ती कोणाची ते सांगतात, आणि हा हात फुकट लावता येतो. तो कोणी लावलाच नाही असे नाही, लावला तो फार उशिरा.

सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. मागच्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तेव्हा मोबाइलवर ते सात सेकंद लावले. जंगल, ब्रिस्टल, ह्यातले काही सांगितले नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकले, मग विचारले, ‘वाजवणारे कोण?’ मी नाव सांगितले. त्यांनी मला कपाटातून त्यांची ती कापडी पुठ्ठ्याची वही काढायला लावली, जिच्यात प्रत्येक बंदिशीच्या वर ती कोणाकडून आली ते लिहिलेले असते, आणि नव्या पानावर, नावाचे स्पेलिंग मला दोनदा विचारून, ‘ग्रेगरी कोलमन’ असे लिहिले. खाली रकाने आखले, चार-चारचे चार. मग मला पुन्हा लावायला सांगून मांडीवर बोटाने मात्रा धरू लागले. बारापर्यंत बरोबर आले. तेराव्या मात्रेवर ड्रमवाला गप्प राहिला आणि सरांचे बोट मांडीवर पडायचे ते पडलेच. ते स्वतःशीच हसले.

‘परत लाव,’ म्हणाले.